दोन प्रोसेसरांत डावं-उजवं कसं करायचं: वर्कस्टेशन घेणाऱ्या नवख्यांसाठी

इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका मित्राने हौसेने ३२ कोअरचं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचा ताकदवान संगणक, घेतलं आणि आठवडाभरात मला बोलावणं आलं. "मशीन बिघडलंय, बघ जरा. जुन्यापेक्षा हळू चालतंय." मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या पानावर आलेखावर राइट क्लिक करून एकेक लॉजिकल प्रोसेसर वेगळा दिसेल असं केलं. पडद्यावर ६४ छोटे चौकोन उमटले: कोअर म्हणजे प्रोसेसरातला एकेक स्वतंत्र कामकरी, आणि इथे प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालू शकत होते. "आता मॉडेलमधली एखादी भिंत सरकव," म्हटलं. त्याने सरकवली. एक चौकोन काठोकाठ भरला, बाकीचे ६३ ढिम्म. वरच्या कोपऱ्यात एकूण वापर दिसत होता दोन-तीन टक्के.

मशीन ठणठणीत होतं. तुलनेच्या ज्या आलेखात पहिला आलेला बघून मित्राने तो प्रोसेसर निवडला, तो आलेख रेंडरिंगचा, म्हणजे मॉडेलवरून तयार चित्र काढण्याचा होता. मित्र दिवसभर करत होता मॉडेलिंग.

प्रोसेसरांची तुलना बहुतेक वेळा इथेच फसते. "कोणता वेगवान?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी वेगवान, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

पहिली पायरी: आठवडाभर स्वतःकडे बघा

नवीन प्रोसेसरचे आकडे पाहण्याआधी आत्ताच्या मशीनसमोर तुम्ही कुठे कुठे ताटकळता ते टिपून ठेवा. साधी वही चालेल. फाइल उघडायला किती वेळ, बदल केल्यावर चित्र पुन्हा उभं राहायला किती, रेंडरला किती, कोड कंपाइल व्हायला किती. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी लिहा: दिवसातून हे किती वेळा होतं, आणि त्या वेळात तुम्ही खुर्चीवर वाट बघत बसता की दुसऱ्या कामाला लागता. ही दुसरी नोंद बहुतेक जण गाळतात, आणि शेवटच्या हिशोबात नेमकी तीच लागते.

ताटकळत असताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा. लिनक्सवर एचटॉप, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. ढोबळमानाने तीन चित्रं दिसतात.

सगळे चौकोन भरलेले असतील तर काम सगळ्या कोअरवर वाटलं जातंय. जास्त कोअर घेतले तर बहुधा फायदा होईल.

एकच भरलेला असेल तर काम एका थ्रेडवर अडलंय. इथे एक गंमत आहे. ऑपरेटिंग सिस्टिम तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असते, त्यामुळे कधी कधी चार-पाच चौकोन अर्धे-अर्धे भरल्यासारखे दिसतात आणि काम वाटलं जातंय असा भास होतो. अशा वेळी एकूण टक्के बघा. ३२ थ्रेडच्या मशीनवर आकडा तीनच्या आसपास घुटमळत असेल, तर एकच थ्रेड राबतोय. त्या तीन टक्क्यांवरून "प्रोसेसर तर रिकामाच आहे, अडतंय दुसरीकडेच" असा निष्कर्ष काढणारे भरपूर भेटतात.

एकही भरलेला नसेल तर डिस्क, नेटवर्क किंवा ग्राफिक्स कार्डाकडे बघा. प्रोसेसर बदलून तिथे फारसं काही हाती लागणार नाही.

आणि एक चकवा: मेमरीतून डेटा येण्याची वाट बघणारा कोअरसुद्धा टास्क मॅनेजरला "व्यस्त" दिसतो. म्हणजे सगळे चौकोन १०० टक्के भरलेले आहेत, पण अडलंय मेमरीपाशी, असं होऊ शकतं. त्याची परीक्षा सोपी आहे. प्रोग्राममध्ये थ्रेडची संख्या ठरवता येत असेल तर तेच काम आधी निम्म्या कोअरइतक्या थ्रेडवर चालवा, मग सगळ्या कोअरइतक्या. वेळ जवळजवळ तेवढाच लागला, तर जास्त कोअरचा उपयोग नाही, मेमरी रुंद हवी, म्हणजे एका वेळी जास्त डेटा देणारी.

दुसरी पायरी: कामाची जात ओळखा

मॉडेलिंग, आराखडे, फोटोंवरचं बरंचसं काम, एक्सेलमधल्या एकमेकांवर अवलंबून असलेल्या सूत्रांच्या लांब साखळ्या: यांना एका कोअरचा वेग लागतो. ब्लेंडरसारखं प्रोसेसरवरचं रेंडरिंग हे दुसरं टोक. चित्राचे तुकडे पडतात, प्रत्येक कोअर आपला तुकडा घेऊन बसतो, शेजाऱ्याशी फारसं बोलणं नाही. कोड कंपाइल करणं मधलं. शेकडो सोर्स फाइल्स कोअरवर छान वाटल्या जातात, पण शेवटच्या लिंकिंगला (तुकडे एकत्र जोडायला) बरेचदा एक-दोनच कोअर राबतात आणि बाकीचे हात बांधून उभे राहतात. द्रवप्रवाहाची सिम्युलेशनं आणि मोठे मॅट्रिक्स सोडवणारी बरीच कामं मेमरीवर अडतात.

जास्त कोअरचा फायदा कुठे संपतो याचा हिशोब जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला, आणि तो कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा, कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के एकाच कोअरवर होतो. एका कोअरवर १०० मिनिटं लागत असतील, तर १६ कोअरवर ते १० अधिक ५.६, म्हणजे सुमारे १५.६ मिनिटं. वेग ६.४ पट झाला. ६४ कोअरवर १० अधिक १.४, म्हणजे ११.४ मिनिटं. वेग ८.८ पट. कोअर चौपट झाले आणि वाचली चार मिनिटं. हजार कोअर लावले तरी ती पहिली दहा मिनिटं जागची हलत नाहीत. उलट कोअर जास्त असलेल्या प्रोसेसरात एकेका कोअरचा वेग थोडा कमी असेल, तर त्या दहाची अकरा होतात.

तिसरी पायरी: कागदावरचे आकडे वाचायला शिका

वर्कस्टेशनच्या बाजारात ढोबळ तीन गट आहेत. पहिला, वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर: एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स, १६ कोअर, इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के, २४ कोअर. दुसरा, एएमडीचे थ्रेडरिपर आणि इंटेलचे झिऑन डब्ल्यू-२४०० मालिकेतले: मेमरीचे चार चॅनेल (मेमरीतून डेटा येण्याच्या वाटा) असलेले. तिसरा, थ्रेडरिपर प्रो आणि झिऑन डब्ल्यू-३४०० मालिका: आठ चॅनेल, भरपूर विस्ताराची सोय. यात ९६ कोअरचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स आणि ५६ कोअरचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स येतात. याच गटांत पुढच्या मालिकाही आल्या आहेत, पण वाचायची पद्धत तीच.

कोअरची संख्या सरळ तोलू नका. २८५के मधल्या २४ पैकी ८ कोअर मोठे आणि १६ छोटे, आणि त्यात एका कोअरवर दोन थ्रेड चालत नाहीत, म्हणून थ्रेडही २४ च. ९९५०एक्सचे १६ कोअर एकाच धाटणीचे, थ्रेड ३२. या दोन आकड्यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही.

गिगाहर्ट्झचंही (सेकंदाला किती अब्ज ठोके) तसंच. एका कंपनीच्या एकाच पिढीत त्याला थोडाफार अर्थ आहे. वेगळ्या रचनेचा प्रोसेसर एका ठोक्यात कमी-जास्त काम करतो, त्यामुळे ५.१ विरुद्ध ४.८ यावरून निकाल लावता येत नाही. शिवाय पेटीवर ठळक छापलेला आकडा एखाद-दोन कोअर चालू असतानाचा असतो. डब्ल्यू९-३४९५एक्सचा बूस्ट (कमाल वेग) ४.८ आणि बेस (पायाभूत वेग) १.९ गिगाहर्ट्झ आहे. छप्पनच्या छप्पन कोअर कामाला लागले की तो या दोन टोकांमध्ये कुठेतरी चालणार. नेमका कुठे, ते वीज आणि कूलर ठरवतात.

मेमरीच्या आकड्यापाशी मात्र जरा रेंगाळा, कारण इथे साध्या गुणाकाराने बरंच कळतं. डीडीआर५ मेमरीचा वेग (सेकंदाला किती दशलक्ष खेपा) गुणिले ८ बाइट गुणिले चॅनेल. ९९५०एक्सचे दोन चॅनेल, ५६०० चा अधिकृत वेग: ८९,६०० एमबी, म्हणजे ८९.६ जीबी प्रति सेकंद. थ्रेडरिपर ७९८०एक्सचे चार चॅनेल, ५२०० चा वेग: १६६.४. जवळजवळ दुप्पट, छान. आता कोअरने भागा. पहिल्यात १६ कोअर, प्रत्येकाच्या वाट्याला ५.६ जीबी. दुसऱ्यात ६४ कोअर, प्रत्येकाच्या वाट्याला २.६. म्हणजे एकूण नळ मोठा, पण रांगेतल्या प्रत्येकाच्या बादलीत पाणी निम्म्याहून कमी. रेंडरिंगला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा बराचसा डेटा कॅशेत, म्हणजे प्रोसेसरातल्या छोट्या वेगवान मेमरीतच फिरतो. द्रवप्रवाहाच्या सिम्युलेशनला फार वाटतं. ९६ कोअरच्या प्रोमध्ये आठ चॅनेल का आहेत, हे या भागाकारातून लक्षात येईल: ३३२.८ भागिले ९६, सुमारे ३.५.

लेन म्हणजे ग्राफिक्स कार्डं आणि वेगवान डिस्क जोडायच्या वाटा. डेस्कटॉप गटात त्या चोवीसच्या आसपास, झिऑन डब्ल्यू-३४०० मध्ये ११२, थ्रेडरिपर प्रोमध्ये १२८. एकच कार्ड लावणार असाल तर हा परिच्छेद विसरून जा.

चौथी पायरी: इतरांचे निकाल सावधपणे वाचा

तयार चाचण्यांत सिनेबेंच सगळ्यात लोकप्रिय. तो रेंडरिंगची चाचणी आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. त्याची आर२३ ही आवृत्ती मेमरीला जवळजवळ हातच लावत नाही, म्हणून वरचा भागाकार त्याच्या निकालात दिसणार नाही. आर२३ चे गुण आणि सिनेबेंच २०२४ चे गुण शेजारी ठेवू नका. मोजपट्टीच वेगळी आहे. नवखे लोक एकाचे चाळीस हजार आणि दुसऱ्याचे दोन हजार बघून हबकतात.

गीकबेंच या दुसऱ्या चाचणीच्या सहाव्या आवृत्तीत मोठा बदल झाला. आधीच्या आवृत्तीत प्रत्येक कोअरला स्वतंत्र काम मिळायचं. सहाव्यात सगळे कोअर मिळून एकच काम उरकतात. त्यामुळे ६४ कोअरचे प्रोसेसर त्यात फार उठून दिसत नाहीत. "चाचणीच पक्षपाती" अशी ओरड ऐकू येते, पण रोजच्या वापरातले बरेचसे प्रोग्राम असेच वागतात. माझ्या मते रेंडर-फार्म (रेंडरिंगसाठी अनेक मशीनचा ताफा) उभारणाऱ्याने हा आकडा सोडून द्यावा, बाकीच्यांनी बघावा. मात्र त्याच्या चाचण्या तुकड्या-तुकड्याने, मधे श्वास घेत चालतात. तासभर पूर्ण ताकदीने राबल्यावर काय होतं ते त्यातून समजत नाही.

वर्कस्टेशनसाठी खास बनवलेला संच म्हणजे स्पेकवर्कस्टेशन. त्यात वेगवेगळ्या व्यवसायांच्या कामांचे वेगळे निकाल मिळतात. एकूण गुण सोडा, आपल्या धंद्याची ओळ वाचा. स्पेकव्ह्यूपर्फ हे नाव जवळचं वाटतं, पण तो मुख्यतः ग्राफिक्सची परीक्षा घेतो. प्रोसेसरच्या तुलनेत त्याचा आधार घेऊ नका.

नावाजलेल्या चाचणीतही खोट निघू शकते. २०२४ मध्ये अशा चाचण्या बनवणाऱ्या स्पेक संस्थेने आपल्या सीपीयू २०१७ चाचणीचे इंटेल प्रोसेसरांवरचे अडीच हजारांहून अधिक निकाल बाद ठरवले. इंटेलचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) त्यातल्या एका उपचाचणीचा कोड ओळखून तिच्यापुरताच खास वेग काढत होता. तसाच फायदा इतर प्रोग्रामांना मिळेल याची खात्री नव्हती. सॉफ्टवेअर कुणासाठी घडवलं गेलंय याचाही परिणाम होतो. इंटेलची एमकेएल ही गणिती लायब्ररी अनेक वैज्ञानिक प्रोग्रामांच्या पोटात असते, आणि ती प्रोसेसर कुणाचा आहे ते बघून कोडची वाट निवडायची. एएमडीच्या वाट्याला संथ वाट यायची. एक सेटिंग बदलून लोक तिला चकवत. २०२० मध्ये ती पळवाट बंद झाली. म्हणून निकालासोबत प्रोग्रामची आणि लायब्ररीची आवृत्ती दिलेली नसेल, तर तो निकाल मी अर्ध्या विश्वासानेच घेतो.

निकालाची तारीख बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना अस्थिरतेच्या तक्रारींनंतर २०२४ मध्ये नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आणि विजेच्या मर्यादेच्या नव्या सेटिंग आल्या. त्याआधीचे अनेक निकाल मदरबोर्डाने वीज मोकळी सोडलेली असतानाचे आहेत. आजचं मशीन तसं वागेलच असं नाही.

आलेखाचा तळही बघा. पट्टी शून्यापासून सुरू होत नसेल, तर चार टक्क्यांचा फरकही दुपटीचा वाटू शकतो.

पाचवी पायरी: स्वतः मोजा

दोन्ही प्रोसेसर हाताशी मिळणं अवघड असतं हे मान्य. पण एखादा सहकारी, विक्रेत्याचं दाखवायचं मशीन, तासावर भाड्याने मिळणारं रिमोट मशीन, काही ना काही जमतं. नाहीच जमलं, तर तुमची चाचणी-फाइल तसं मशीन वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवा.

आपल्या रोजच्या कामातल्या तीन फाइल निवडा: एक लहान, एक नेहमीची, एक घाम फोडणारी. प्रोग्रामची आवृत्ती दोन्हीकडे तीच हवी. विजेचा मोड तोच. अँटिव्हायरस आणि अपडेट मधेच उठणार नाहीत याची काळजी घ्या. पहिली खेप सोडून द्या, कारण तेव्हा फाइल डिस्कवरून येते. पुढच्या खेपांना ती बहुधा मेमरीतच असते. मग पाच खेपा मोजा आणि मधला आकडा घ्या. ४१, ४२, ४२, ४३ आणि ५८ सेकंद आले, तर ४२ लिहा. ५८ च्या वेळी मागे काहीतरी चालू होतं. पाचही आकडे इकडे-तिकडे उडत असतील, तर मशीन शांत नाही. तिथे तीन-चार टक्क्यांचा फरक शोधण्यात अर्थ नाही.

मोठी फाइल निदान अर्धा तास सलग चालवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कूलर थंड असतो आणि प्रोसेसर मर्यादेबाहेर वीज ओढून मोठी उडी मारतो. नंतर तो आपल्या खऱ्या चालीवर येतो. ९९५०एक्सवर १७० वॉट लिहिलेले असतात, पण पूर्ण भाराखाली तो २३० पर्यंत जाऊ शकतो. २८५केवर १२५ लिहिलेलं असतं, आणि त्याची वरची मर्यादा २५० आहे. दोन मशीनमध्ये कूलर वेगवेगळे असतील, तर तुम्ही प्रोसेसर नव्हे, कूलर तोलताय.

माझीच एक फजिती सांगतो. प्रवाहाचं एक सिम्युलेशन नव्या मशीनवर जुन्यापेक्षा हळू चालत होतं. दोन दिवस मी प्रोग्रामच्या सेटिंग उकरत बसलो, फोरमवर भांडलो, प्रोसेसर परत करायचंही ठरवलं. शेवटी मशीनची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड उघडला तर मेमरीच्या पानावर एकच चॅनेल. जोडणाऱ्याने दोन्ही मेमरी पट्ट्या शेजारच्या खाचांत खोचल्या होत्या. एक उचलून पुढच्या खाचेत बसवली, झालं. त्यात भर म्हणजे पट्ट्यांचा खरा वेग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) चालूच केलेला नव्हता. त्या ४८०० वर रेंगाळत होत्या. तेव्हापासून चाचणीआधी माझं पहिलं पान ठरलेलं: चॅनेल किती, वेग किती. आठ चॅनेलच्या मदरबोर्डात चारच पट्ट्या घातल्या, तर निम्मा नळ बंद ठेवून तुलना होते, आणि दोष जातो प्रोसेसरला.

६४ हून जास्त थ्रेड असलेल्या मशीनवर विंडोज वापरणार असाल, तर आणखी एक बघा. विंडोज ६४ लॉजिकल प्रोसेसरांचा एक गट करते, आणि जुन्या धाटणीचे प्रोग्राम एकाच गटात अडकून पडतात. विंडोज ११ ने हे बरंच सैल केलं. तरी काम चालू असताना निम्मे चौकोन कोरे दिसले, तर प्रोसेसरला दूषणं देण्याआधी इथे शोधा.

सहावी पायरी: हिशोब घाला

इथे आठवड्याची वही काढा. समजा, जुन्या मशीनवर मॉडेलिंगमध्ये आठवड्याला २०० मिनिटं आणि रेंडरमध्ये ३०० मिनिटं जातात. कमी पण चपळ कोअरचा "अ" मॉडेलिंगला १२० आणि रेंडरला १५० मिनिटं घेतो. पुष्कळ कोअरचा "ब" मॉडेलिंगला १६० आणि रेंडरला ६०.

बेरीज केली तर अ २७०, ब २२०. ब जिंकला. बेंचमार्कवाले बहुधा गुणोत्तरांची भूमितीय सरासरी (दोन आकड्यांसाठी, गुणाकाराचं वर्गमूळ) काढतात, आणि गुणोत्तरांसाठी तीच योग्य आहे. तिच्या हिशोबाने जुन्याच्या तुलनेत अ ला ०.५५ वेळ लागतो, ब ला ०.४०. ब आणखी दणदणीत जिंकला.

पण वहीत लिहिलेलं असेल की रेंडर रात्री लावून तुम्ही घरी जाता. मग रेंडर १५० मिनिटांत झालं काय आणि ६० मिनिटांत झालं काय, सकाळी ते तयारच असतं. उरलं मॉडेलिंग: १२० विरुद्ध १६०. अ दर आठवड्याला तुमची ४० मिनिटं वाचवतो. आकडे तेच, निकाल उलटा. उलट, दिवसातून चार वेळा नमुन्याचं रेंडर करून ग्राहकाला दाखवत असाल, तर ब शिवाय पर्याय नाही.

माझ्या मित्राचं असंच झालं. त्याने पुढे मॉडेलिंगसाठी १६ कोअरचं डेस्कटॉप गटातलं मशीन घेतलं. ते ३२ कोअरचं आता कोपऱ्यात, बिनपडद्याचं, रात्री रेंडर करतं.

सातवी पायरी: जे आलेखात येत नाही ते

ईसीसी मेमरी वेग वाढवत नाही, पण चार दिवस चालणाऱ्या गणितात एखादा बिट उलटला तर तो दुरुस्त करते. असं काम असेल तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्हीला ती चालते का, हे लेखी विचारा. "चालेल बहुतेक" यावर विसंबू नका. एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) सूचनांवर तुमचा प्रोग्राम बेतलेला असेल, तर ९९५०एक्स, थ्रेडरिपर ७००० आणि झिऑन डब्ल्यूमध्ये त्या आहेत, २८५केमध्ये नाहीत. ३५० वॉटचा प्रोसेसर टेबलाखाली ठेवणार असाल, तर त्याचा आवाज भरल्या कामात एकदा कानाने ऐका.

चाचणीच्या तीन फाइल, प्रोग्रामची आवृत्ती, बायोसची आवृत्ती आणि मेमरीचा वेग, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. मशीन घरी आल्यावर त्याच दिवशी त्याच फाइल चालवा. विक्रेत्याकडे ४२ सेकंद आणि तुमच्याकडे ५१ आले, तर मशीन परत करायची मुदत असेपर्यंतच मेमरीच्या खाचा तपासून घ्या.